घरामागचा जलतरण तलाव कायमचा बुजवताना : एका सेवेचे परीक्षण

नको असलेला जलतरण तलाव काढून देणाऱ्या सेवेची पारख काम संपल्यावर दिसणाऱ्या हिरवळीवरून करता येत नाही. हिरवळ कोणीही अंथरून देऊ शकतो. तिच्याखाली दोन मीटरपर्यंत कोणती माती टाकली, किती जाडीच्या थरांत टाकली आणि कितपत दाबली, यावर ती जमीन दहा वर्षांनी सपाट राहणार की मधोमध खचणार, हे ठरते. म्हणून आमच्या घरामागचा तलाव ज्या कंत्राटदार कंपनीने काढला, तिच्या कामाविषयी लिहिताना खड्डा उघडा होता तोपर्यंत जे पाहता आले त्यावरच मी भर देणार आहे. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही. पुढे काही तक्रारी येणार आहेत, आणि असे काम करून घेणाऱ्या वाचकाला नावापेक्षा कामाची तपासणी कशी करावी याची माहिती अधिक उपयोगी पडेल, असे मला वाटते.

तलाव ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल होता. बांधणी सळ्यांच्या काँक्रीटची आणि शुद्धीकरण मिठाच्या पाण्यावर, म्हणजे त्या मिठापासून विजेने क्लोरीन तयार करून, चालणारे. घरातले कोणीही त्यात पोहत नव्हते, तरी पंप, गाळणी आणि रसायने यांचा खर्च चालूच होता. कोरड्या, उन्हाच्या दिवसांत पृष्ठभागावरून रोज ५ मिलिमीटर पाण्याची वाफ होते असे धरले, तरी एवढ्या तलावातून दिवसाला १६० लिटर पाणी उडून जाते. देखभाल थांबवली तर पाणी हिरवे होते आणि त्यात डासांची पैदास सुरू होते. या सर्वांपेक्षा मोठी काळजी लहान मुलांची होती. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे ३ लाख लोक बुडून मरण पावले आणि त्यांतील जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांखालील मुले होती. ज्या पाण्याचा कोणालाच उपयोग उरलेला नाही, त्याच्यापायी हा धोका अंगणात बाळगण्यात काहीच अर्थ नव्हता.

कंपनीच्या अभियंत्याने पहिल्या पाहणीत विचारलेल्या प्रश्नांवरूनच माझे तिच्याविषयीचे मत बनू लागले. तिच्याआधी आलेल्या एका कंत्राटदाराने फीत लावून लांबी-रुंदी मोजली आणि भरावाचा आकडा सांगून तो निघून गेला होता. या अभियंत्याने मात्र सर्वप्रथम विचारले, की या जागेवर पुढे काय करायचे आहे. केवळ गवत आणि फुलझाडे लावायची असतील तर एक पद्धत पुरते. खोली, शेड किंवा गाडी उभी करण्याचा फरसबंद तळ करायचा असेल तर दुसरी लागते. त्यानंतर त्याने तलावाची भिंत घराच्या पायापासून किती अंतरावर आहे ते मोजले, भूजलाची पातळी ऋतूंनुसार किती वरखाली होते याची चौकशी केली, यंत्र आत येण्याची वाट किती रुंद आहे ते पाहिले आणि मूळ बांधकामाचे नकाशे मागितले. तलाव बुजवण्यासाठी परवानगी देणाऱ्या स्थानिक कार्यालयाकडे कोणती कागदपत्रे द्यावी लागतील, याची यादीही त्यानेच करून दिली.

येथे दोन्ही पद्धती समजावून सांगणे भाग आहे, कारण दरपत्रकांतील बहुतेक तफावत त्यांच्यातूनच येते. पहिल्या पद्धतीत तलावाचे कवच जमिनीतच ठेवतात. तळाला मोठी भोके पाडतात, भिंतींचा वरचा अर्धा ते एक मीटर भाग तोडतात, तो राडारोडा तळाशी पसरतात, त्यावर जिओटेक्स्टाइलचे, म्हणजे पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे, कापड अंथरतात आणि वर मातीचा भराव करतात. यात वाहतूक कमी होते आणि काम लवकर आटोपते. दुसऱ्या पद्धतीत तळ, भिंती, सळ्या, नळ, सारे काही उकरून बाहेर नेतात आणि रिकाम्या खड्ड्यात निवडक माती थराथराने दाबून भरतात. पहिल्या पद्धतीने बुजवलेल्या जागेवर बांधकाम करू नये, हे अभियंत्याने स्पष्ट सांगितले. मोठी झाडेही तेथे नीट धरत नाहीत, कारण मुळे खाली गेल्यावर काँक्रीटला अडतात. फक्त बाग करायची असलेल्या माणसाने पहिली पद्धत निवडली तर मी तिला कमअस्सल म्हणणार नाही. मात्र ती प्रामाणिकपणे केली गेली पाहिजे. तळाला भोके न पाडता वर माती लोटली, तर ते कवच भोक नसलेल्या कुंडीसारखे पाणी धरून ठेवते, माती आतल्या आत चिखल होऊन बसते आणि पावसानंतर त्या जागी पाय रुततो. कापड वगळले, तर वरची बारीक माती राडारोड्याच्या फटींतून हळूहळू खाली झिरपत राहते आणि पृष्ठभागावर खळगे पडतात. या दोन गोष्टी नंतर कोणालाही दिसत नाहीत, आणि काटकसर नेमकी त्यांच्यातच केली जाते.

आम्हाला पुढेमागे तेथे एक छोटी खोली बांधायची असल्याने आम्ही पूर्ण काढणी ठरवली. पण अभियंत्याने एक अपवाद सुचवला, आणि तो मला त्याच्या जाणतेपणाची सर्वांत मोठी खूण वाटली. तलावाची एक लांब भिंत घराच्या पायाजवळून जात होती. पायाच्या तळापासून ४५ अंशांत खाली उतरणारी एक काल्पनिक रेषा काढली, तर त्या रेषेच्या आत खोदकाम झाल्यास पायाखालच्या मातीचा आधार सुटण्याची भीती असते. म्हणून ती एक भिंत मुळासकट न उपटता वरून पाऊण मीटर कापावी, उरलेली जागीच ठेवावी आणि तिचे नेमके स्थान नकाशावर नोंदवावे, असे त्याने लेखी दिले. सगळे काढले असे सांगून अधिक पैसे घेणे त्याला शक्य होते. त्याने तसे केले नाही, आणि खोली कुठे बांधता येईल व कुठे नाही याची मर्यादाही आम्हाला त्याच वेळी कळली.

पाणी काढण्याचा टप्पा बाहेरून सोपा वाटतो, परंतु माझ्या मते या संपूर्ण सेवेत सर्वाधिक विचार याच टप्प्यात दिसला. मिठाच्या पाण्यावर चालणाऱ्या तलावात दर लिटरला साधारण ३ ते ४ ग्रॅम मीठ असते. आमच्या तलावात सुमारे ४८ हजार लिटर पाणी होते. म्हणजे त्यात १४० ते १९० किलो मीठ विरघळलेले होते. हे पाणी बागेत सोडले असते तर माती खारावून झाडे जळाली असती, आणि पावसाच्या पाण्याच्या गटारात सोडले असते तर ते थेट जवळच्या ओढ्यात किंवा नदीत गेले असते. कंपनीने ते सांडपाण्याच्या वाहिनीत सोडण्याची परवानगी आधी घेतली आणि वाहिनी तुंबू नये म्हणून लहान पंपाने संथपणे पाणी उपसले. तत्पूर्वी क्लोरीनची पातळी पट्टीने तपासली. क्लोरीन उन्हाने आपोआप उडते हे खरे, पण पाण्यात त्याला टिकवून धरणारे सायन्युरिक आम्ल असेल तर त्यास फार वेळ लागतो. म्हणून त्यांनी सोडियम थायोसल्फेट घालून ते निकामी केले आणि पुन्हा तपासले.

दुसरा विचार भूजलाचा होता. भरलेला तलाव आपल्या वजनाने जागेवर बसलेला असतो, पण रिकामा तलाव म्हणजे जमिनीत रुतलेली होडीच होय. आमच्या कवचाची जाडी सरासरी २० सेंटीमीटर धरली, तर तळ आणि चार भिंती मिळून सुमारे साडेतेरा घनमीटर काँक्रीट होते. काँक्रीटचे वजन घनमीटरला सुमारे २,४०० किलो असल्याने संपूर्ण कवच ३२ ते ३३ टनांचे झाले. बाजूच्या मातीचे घर्षण सोडून दिले, तर कवचाच्या तळाच्या वर ९० सेंटीमीटरच्या आसपास भूजल उभे राहिले तरी एवढे वजन वर उचलले जाऊ शकते. ओल्या ऋतूत उपसलेले तलाव फुटभर वर आल्याच्या आणि सोबत नळ व कडेची फरशी उखडल्याच्या घटना या क्षेत्रातल्या लोकांना परिचित आहेत. कंपनीने जमीन कोरडी असतानाचा काळ निवडला, आणि तळ उघडा पडताच पहिले काम म्हणून ब्रेकरने खोल भागात भोके पाडली. खालून दाब आलाच तर पाणी आत यावे आणि कवच जागेवर राहावे, हा त्यामागचा हेतू होता. एक मुकादम ही भोके पाडताना मला बोलावून, त्यांतून पाणी वर येते का हे दाखवत होता. असे दाखवणारी माणसे मला फार मोलाची वाटतात.

वीज, नळ आणि गॅस तोडण्याचे काम चोख झाले. पाण्याखालच्या दिव्यांची तार आणि पंपाची जोडणी परवानाधारक वीजतंत्रज्ञाने मुख्य पेटीपासूनच तोडली, पाणी आपोआप भरणारी नळी मूळ वाहिनीपाशी बंद केली, हीटरचा गॅसही संबंधित तंत्रज्ञाकडून बंद करून घेतला. या तिन्हींची लेखी पत्रे कंपनीने मागण्याआधी दिली.

तोडकामाबद्दल मात्र माझे मत संमिश्र आहे. आत येण्याची वाट अरुंद असल्याने मोठे पोकलेन येऊ शकत नव्हते. कुंपणाचा एक भाग काढून छोटे यंत्र आणले गेले. काँक्रीट फोडताना उडणाऱ्या धुळीत सिलिकाचे अतिसूक्ष्म कण असतात आणि ते वर्षानुवर्षे श्वासावाटे गेले तर फुप्फुसांचा असाध्य आजार होतो. ब्रेकर चालू असताना कामगार सतत पाणी मारत होते आणि त्यांच्या तोंडावर योग्य मुखवटे होते, हे पाहून समाधान वाटले. राडारोडा आणि सळ्या जागेवरच वेगळ्या केल्या. सळ्या भंगारात आणि काँक्रीट खडी करणाऱ्या केंद्राकडे गेले, त्याच्या पावत्याही मिळाल्या. तक्रार आहे ती शेजाऱ्यांना द्यायच्या सूचनेबद्दल. हादरे बसणार हे कंपनीला ठाऊक होते, तरी शेजारच्या घरांना लेखी कळवण्याचे काम तिने आमच्यावर सोडले, तेही काम सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळी. शेजारच्या भिंतींना आधीपासून असलेल्या तड्यांची छायाचित्रे काढून ठेवणे हे अशा कामात कंत्राटदाराचे कर्तव्य आहे. आम्ही आग्रह धरल्यावरच ती काढली गेली. खड्डा उघडा असेपर्यंत भोवती उभारलेले कुंपण मात्र भक्कम होते आणि रोज काम संपल्यावर त्याचे दार कुलूपबंद केले जात होते.

कवच निघाल्यावर जो खड्डा उरला, त्याची तयारी मी विशेष लक्ष देऊन पाहिली. तळाची सैल माती आणि तुटके नळ काढून मूळ घट्ट जमीन उघडी केली, तिच्यावर थोडे पाणी शिंपडून ती दाबली, आणि खड्ड्याच्या कलत्या बाजूंना पायऱ्या कापल्या. या पायऱ्यांचे प्रयोजन मी विचारले. जुनी माती आणि नवा भराव यांच्यामध्ये गुळगुळीत उतार राहिला तर तो सांधा कमजोर राहतो आणि तेथेच भेग पडते. पायऱ्यांमुळे नवा थर जुन्या जमिनीत अडकून बसतो, असे उत्तर मिळाले. तलाव काढण्याच्या कामांत हा टप्पा सहसा गाळला जातो, कारण तो केला नाही तरी लगेच काही बिघडत नाही.

भराव हा या सेवेचा गाभा. कवच निघाल्यावर भरायचा खड्डा साठ घनमीटरच्या आसपास होता, पण डंपरमधून येणारी माती सैल असते आणि दाबल्यावर बसते; त्यामुळे २० ते ३० टक्के अधिक माती मागवावी लागते. दरपत्रकात ही वाढ गृहीत धरलेली होती. ज्यांच्या दरपत्रकात ती नसते, ते नंतर जादा डंपरचे पैसे मागतात किंवा कमी दाबून वेळ मारून नेतात. मातीच्या दर्जाविषयी कंपनी काटेकोर होती. मुळे, लाकूड, पालापाचोळा असलेली माती भरावाला चालत नाही, कारण हे पदार्थ कुजतात आणि त्यांच्या जागी पोकळी राहते. निव्वळ चिकणमातीही टाळली गेली. ती पाण्याने फुगते आणि सुकल्यावर आकसते. बारीक खडी, वाळू आणि थोडी चिकण माती यांचे मिश्रण निवडले गेले. एका डंपरमधली माती काळपट आणि मुळांनी भरलेली निघाली, तेव्हा पर्यवेक्षकाने ती उतरवू न देता परत पाठवली.

माती १५ ते २० सेंटीमीटरच्या थरांत पसरून प्रत्येक थर दाबला गेला. थर एवढा पातळ का, याचे उत्तर यंत्राच्या ताकदीत आहे. अंगणात नेता येणाऱ्या छोट्या कंपन-पाट्याचा, म्हणजे थरथरत माती दाबणाऱ्या सपाट यंत्राचा, परिणाम थोड्याच खोलीपर्यंत पोहोचतो. अर्धा मीटर माती एकदम टाकून वरून कितीही वेळ यंत्र फिरवले तरी वरचा पापुद्रा घट्ट होतो आणि खालची माती सैलच राहते. कोपऱ्यांत आणि उरलेल्या भिंतीलगत, जिथे पाटा नीट बसत नव्हता, तिथे उभ्या धुमसाने ठोकले गेले. ओलाव्याकडेही लक्ष होते. माती फार कोरडी असेल तर कण एकमेकांत सरकत नाहीत, फार ओली असेल तर पाणीच जागा अडवून बसते. पर्यवेक्षक मूठभर माती घेऊन तिचा गोळा वळत असे. गोळा आकार धरून राहिला आणि बोटाने दाबल्यावर दोन-चार तुकड्यांत फुटला, तर ओलावा योग्य समजायचा, अशी त्याची रीत होती.

केवळ हाताच्या अंदाजावर काम सोपवलेले नव्हते. १९३३ मध्ये रॅल्फ प्रॉक्टर या अमेरिकी अभियंत्याने मातीची दाबाई मोजण्याची जी पद्धत मांडली, ती आजही जगभर वापरली जाते. प्रयोगशाळेत माती साच्यात तीन थरांत भरतात आणि सुमारे अडीच किलोचा हातोडा ३० सेंटीमीटरवरून प्रत्येक थरावर २५ वेळा टाकतात. वेगवेगळ्या ओलाव्यांना हे करून त्या मातीची सर्वाधिक कोरडी घनता काढतात. जागेवरची माती त्या घनतेच्या किती टक्के दाबली गेली, हे मग तपासतात. बागेसाठी ९० टक्के पुष्कळ होते. ज्यावर बांधकाम येणार त्या भरावासाठी सहसा ९५ टक्क्यांची अट घालतात, आणि आमच्या करारातही तीच होती. तपासणी वाळूच्या पद्धतीने झाली. दाबलेल्या थरात छोटा खड्डा घेतात, निघालेली माती तोलून व वाळवून पाहतात, आणि ज्या वाळूची घनता आधीच ठाऊक आहे ती त्या खड्ड्यात ओतून त्याचे आकारमान काढतात. ही तपासणी कंत्राटदाराच्या माणसांनी न करता बाहेरच्या प्रयोगशाळेने केली, ही गोष्ट मला अत्यंत महत्त्वाची वाटते. ज्याचे काम त्यानेच तपासले तर आलेल्या आकड्याला काही किंमत राहत नाही.

या तपासणीमुळेच कामातला एक दोष उघडकीस आला. पर्यवेक्षक हजर नसताना एका कोपऱ्यात थर ठरल्यापेक्षा जाड टाकले गेले होते. त्या जागी घनता ९५ टक्क्यांपर्यंत पोहोचली नाही. कंपनीने वाद घातला नाही. तो कोपरा उकरून, माती पुन्हा पसरून आणि दाबून नव्याने तपासणी करून घेतली, आणि त्याचा खर्च आमच्याकडे मागितला नाही. दोष झाला ही गोष्ट मी लपवणार नाही, कारण पर्यवेक्षक नसताना यंत्र चालू ठेवणे ही व्यवस्थेतली त्रुटी आहे. परंतु तपासणीच नसती तर तो कोपरा तसाच झाकला गेला असता आणि आमच्या खोलीचा एक खांब नेमका त्यावर उभा राहिला असता, हेही तेवढेच खरे आहे. दाबाईऐवजी पाणी सोडून माती बसू द्यावी, असा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो. वाळूच्या बाबतीत तो काही अंशी चालतो. चिकण अंश असलेल्या मातीत मात्र पाणी अडकून राहते आणि भराव महिनोन्‌महिने बसत जातो. ज्याला अंगण पुन्हा पुन्हा भरावे लागू नये असे वाटते, त्याने हा सल्ला ऐकू नये.

सर्वांत मोठी नाराजी शेवटच्या थराविषयी आहे. भरावाच्या वर कसदार माती येणार हे ठरले होते, परंतु तिची जाडी करारात लिहिलेली नव्हती. प्रत्यक्षात १० सेंटीमीटरच टाकली गेली. गवताला किमान १५ सेंटीमीटर आणि झुडपांना सुमारे ३० सेंटीमीटर सैल, कसदार माती लागते. तिच्याखाली इतका घट्ट दाबलेला भराव असताना मुळांना दुसरीकडे जायला वाव नसतो. बरीच चर्चा झाल्यावर कंपनीने आणखी माती आणून टाकली, पण तिचा खर्च निम्मा आम्हाला सोसावा लागला. तसेच यंत्र ज्या वाटेने ये-जा करत होते, तेथील जमीन दगडासारखी कडक झाली होती आणि ती मोकळी करून देण्याचा विचार कोणी केला नव्हता. काढलेले कुंपण परत लावले, तेही सांगितल्यावरच. खोल जमिनीत एवढी काळजी घेणाऱ्या माणसांनी पृष्ठभागाकडे असे दुर्लक्ष करावे, याचे मला वाईट वाटले. उताराचे काम मात्र व्यवस्थित झाले. जमिनीला घरापासून दूर जाणारा सुमारे दोन टक्के उतार दिला असल्याने पावसाचे पाणी पायाकडे येत नाही.

काम संपल्यावर मिळालेल्या कागदांचा संच ही या सेवेची उजवी बाजू आहे. त्यात मूळ तलावाचे आणि जागीच ठेवलेल्या भिंतीचे स्थान दाखवणारा नकाशा, प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे, घनतेचे सर्व अहवाल, नापास झालेला अहवाल धरून, राडारोड्याच्या पावत्या आणि स्थानिक कार्यालयाचा पूर्ततेचा दाखला आहे. घर पुढे विकायचे झाल्यास येथे तलाव होता आणि तो कसा काढला, हे घेणाऱ्याला सांगावे लागेल. तेव्हा या कागदांशिवाय आपल्या शब्दाला पुरावा नसतो. खोली बांधण्यापूर्वी संरचना अभियंत्याचा सल्ला घ्यावाच लागणार आहे, आणि त्यालाही पहिल्यांदा हेच अहवाल लागतील.

ज्यांचा तलाव फायबरग्लासचा किंवा प्लास्टिकच्या अस्तराचा आहे, त्यांचे काम याहून हलके असते. अस्तराच्या तलावात अस्तर आणि बाजूचे फलक उचलून नेता येतात. फायबरग्लासचे कवच कापून बाहेर काढता येते, मात्र ते काँक्रीटसारखे खडी करून वापरता येत नाही, त्यामुळे त्याच्या विल्हेवाटीचा खर्च आधी विचारून घ्यावा. जिथे यंत्र पोहोचतच नाही अशा जागी प्रवाही भराव, म्हणजे सिमेंटचे अगदी थोडे प्रमाण असलेले पातळ मिश्रण, पाइपने ओतण्याचा पर्याय आहे. त्याला दाबाई लागत नाही, पण तो महाग असतो. तलावावर नुसता लाकडी मंच बांधून खाली पाणी किंवा पोकळी तशीच ठेवण्याची सूचनाही आम्हाला झाली होती. खालची पोकळी, साचणारे पाणी आणि डास तसेच राहत असतील, तर त्या खर्चातून काही साध्य होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

या कंपनीला मी पाचांपैकी चार गुण देईन. एक गुण शेजाऱ्यांना द्यायची सूचना, पर्यवेक्षकाची गैरहजेरी आणि वरच्या मातीवरील काटकसर यांसाठी कापला आहे. ओल्या ऋतूनंतर भराव खचल्यास विनामूल्य दुरुस्ती करण्याची तिची लेखी हमी दोन वर्षांची आहे. पहिल्या पावसाळ्यानंतर आम्ही दोरी ताणून आणि पातळी लावून जमीन पाहिली. उरलेल्या भिंतीलगत बोटभर उतार वाढला होता, बाकी कुठेही फरक नव्हता, आणि कळवल्यावर माणसे येऊन तेवढी जागा भरून गेली. अशी सेवा घेणाऱ्याने सही करण्यापूर्वी करारात चार गोष्टी आकड्यांत लिहून घ्याव्यात : थराची जाडी, घनतेची टक्केवारी, तपासणी करणारी बाहेरची प्रयोगशाळा आणि वरच्या कसदार मातीची जाडी.